जि.प. हायस्कूलचा इतिहास लिहायचा आहे. हाती आहे एक सागवानी कपाट आणि बारा पानं नसलेलं रजिस्टर

हिंगणारोडवाली
रविवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. मी हिंगणा रोडच्या बाजूच्या एका गावात राहते. गाव आता नावालाच उरलं आहे. चारही अंगांनी लेआउट पडले, मेट्रोचं लोकमान्य नगर स्टेशन ऑटोनं दहा मिनिटांवर आलं, आणि पत्त्यात लोक सरळ ‘नागपूर’ लिहितात. गावात जिल्हा परिषदेचं हायस्कूल आहे, पहिली ते दहावी. मी तिथूनच १९९८ ला दहावी झाली. आता माझी मुलगी तिथे आठवीत आहे आणि यंदापासून मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. मुलीला तिथे टाकलं तेव्हा मोठ्या जावेनं विचारलं होतं, “काहून गं, कॉन्व्हेंटची फी भारी पडते का?” फी भारी पडत नव्हती. मला हीच शाळा पाहिजे होती.

आता मुद्दा सांगते. शाळेच्या दारातून आत आल्यावर जी भिंत लागते तिच्यावर शाळेचा इतिहास आणि सोयी रंगवून घ्यायच्या, असं जुलैच्या सभेत ठरलं. पेंटर मिळाला, रंगाचे पैसे गावातून जमले. मजकूर मागितला तर मुख्याध्यापकांकडे चार ओळी होत्या: निसर्गरम्य परिसर, प्रशस्त इमारत, सुसज्ज प्रयोगशाळा, भव्य क्रीडांगण. सर मनानं चांगले आहेत, बदलून येऊन सहाच महिने झाले, त्यांनी तरी कुठून आणायचं? पण त्या चार ओळी वाचून मला वाईट वाटलं. त्या कोणत्याही शाळेच्या भिंतीवर चालल्या असत्या. आमच्या प्रयोगशाळेच्या दाराला कुलूप आहे, आणि किल्ली कोणाकडे असते हे तीन दिवस विचारूनही मला कळलं नाही.

म्हणून मी म्हटलं, मजकूर मी लिहिते, दिवाळीपर्यंत वेळ द्या. सध्या माझ्या हाताशी दोन वस्तू आहेत.

एक म्हणजे दाखल-खारीज रजिस्टर. सगळ्यात जुन्या रजिस्टरची सुरुवातीची बारा पानं नाहीतच. तेराव्या पानावरची पहिली नोंद जुलै १९५४ ची आहे. म्हणजे शाळा त्याआधीची, पण किती आधीची? गावातले तीन म्हातारे तीन सालं सांगतात. एवढ्या एका गोष्टीवर तिघांचं जमतं की शाळा आधी मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जुन्या जमीनदाराच्या, वाड्याच्या ओसरीत भरायची, आणि पाऊस ओसरीत यायला लागला की गुरुजी पोरांना ढोरांच्या कोठ्यात नेऊन पाढे म्हणून घ्यायचे.

दुसरी वस्तू म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतलं कपाट. सागवानाचं आहे, दाराच्या मागं भिंतीला टेकून. उंदरांनी कागद कुरतडले म्हणून मागच्या शनिवारी ते आम्ही चौघींनी सरकवलं, तर डाव्या अंगाचा रंग पापुद्र्यासारखा सुटून आला. वरचा रंग निळा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘जि.प.’ आणि एक नंबर. निळ्याखाली हिरवा. हिरव्याखाली थेट लाकडावर काळी अक्षरं, हातानं काढलेली नाहीत, पत्र्याचा छाप ठेवून मारलेली: ‘ज. स. नागपूर’. मी नखानं आणखी थोडं खरवडलं तर पुढे ‘प्रा. शा.’ एवढं निघालं. पुढची अक्षरं लाकडाबरोबर झिजून गेली आहेत.

प्रा. शा. म्हणजे प्राथमिक शाळा, हे समजलं. पण ज. स. म्हणजे काय? आणि शाळेची जागा कोणी दिली, हायस्कूलचे वर्ग कधी जोडले गेले, हे कोणत्या कागदात सापडते? कोणी जुन्या शाळेत काम केलं असेल तर कृपया सांगा. मला प्रयोगशाळेबद्दलही विचारायचं आहे, पण ते कसं विचारू हे अजून नीट सुचत नाही.

पटवाऱ्याचा मुलगा
सोमवार, सकाळी ७.५०

ताई, ज. स. म्हणजे जनपद सभा. तुमचं कपाट चांगलं मोलाचं निघालं. त्याला आता रंग लावू देऊ नका.

आपला भाग मध्यप्रांत-वऱ्हाडात होता तेव्हा १९४८ च्या कायद्यानं दर तहसिलीला एक जनपद सभा आली. गावच्या प्राथमिक शाळा, दवाखाने, रस्ते तिच्याकडे. पुढं १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, तरी जनपद सभा चालूच होत्या. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या तेव्हा कुठे त्या संपल्या. म्हणजे त्या चौदा वर्षांच्या आतच ते अक्षर कपाटावर पडलेलं आहे. हिंगणा तेव्हा वेगळा तालुका नव्हता, तुमचं गाव नागपूर तहसिलीत होतं, म्हणून ‘नागपूर’. हे लक्षात घ्या की यानं कपाटाचं वय कळते, शाळेचं नाही. शाळा कपाटाहून म्हातारी असू शकते.

जागेचं सांगतो. माझे वडील पटवारी होते, मी त्यांच्या दप्तराभोवतीच वाढलो. मालगुजारी १९५० च्या कायद्यानं गेली आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजाराच्या हातातल्या गावच्या पडीक जमिनी, तलाव, रस्ते सरकारात जमा झाले. त्यानंतर गावाच्या वापराच्या जमिनी कोणत्या कामाला ठेवल्या, गुरचराई कुठे, मसणवटी कुठे, खळे कुठे, हे निस्तार पत्रकात लिहिलं जाते. ते विदर्भातच मिळते, पुण्याकडच्या माणसाला सांगाल तर तो नाव पहिल्यांदा ऐकेल. आधी शाळेच्या जागेचा आताचा सातबारा काढा, त्यावरचा गट नंबर घ्या, मग तहसीलमध्ये अधिकार अभिलेख, म्हणजे जमिनीच्या हक्कांची जुनी नोंद, आणि निस्तार पत्रक मागा. मालगुजारानं स्वतःच्या शेतातून जागा दिली असेल तर एखादं दानपत्र किंवा फेरफारात नोंद सापडेल. गावच्या जमिनीतून निघाली असेल तर निस्तार पत्रकात.

कागद कोणी देत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागते. अर्जात “शाळेचा संपूर्ण इतिहास द्या” असं लिहू नका, ते परत येते. “अमुक गट नंबरच्या अमुक नोंदीची प्रत द्या” असंच लिहा.

बारा पानं कुठे गेली याचा अंदाज मला आहे. जातीच्या दाखल्यासाठी आज्याचा दाखला लागतो. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या. माणसं शाळेत येतात, पान उलटून उलटून शिवण सुटते, मग पान सुटे होते, मग एक दिवस नसते. त्या पानांवर कित्येक घरांची कामं अडली असतील. जे उरलं आहे त्याचे फोटो आजच काढून घ्या, पण त्यात लोकांची नावं-जाती आहेत, ते बाहेर कुठे टाकू नका.

आठवी_अ_च्या_बाई
सोमवार, दुपारी ४.३०

मी शिक्षिका आहे, दुसऱ्या तालुक्यात. थोडंच लिहिते. सोयींची अधिकृत यादी तुम्हाला यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी नोंदीत, मिळेल. शाळेचा अकरा अंकी क्रमांक घ्या, नागपूर जिल्ह्याचा २७०९ नं सुरू होतो. त्यात वर्गखोल्या, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, दिव्यांग मुलांसाठी उतार, ग्रंथालय, मैदान, कुंपण, वीज, सगळं भरलेलं असते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला, त्याच्या परिशिष्टातही यातल्या बहुतेक गोष्टी आहेत, आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी. तुमच्या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असतात ते त्याच कायद्यानं.

फक्त ती यादी ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढंच बोलते. नळ आहे म्हटलं की आहे, मग त्याला एप्रिलमध्ये पाणी येवो न येवो. भिंतीवर तीच यादी उतरवू नका, ही विनंती.

हायस्कूलच्या वर्गांसाठी मान्यतेचा आदेश बघा. तो सापडला नाही तर दहावीचा पहिला निकाल कधी लागला ते शोधा, बोर्डाचा सांकेतांक त्याच वेळचा असतो.

निवृत्त परिचर
सोमवार, रात्री ११.२०

ताई, तुम्ही प्रयोगशाळेचं कसं विचारू म्हणाल्या. मी सांगतो तुम्हाला. मी तुमच्या शाळेत नव्हतो. शहराच्या दुसऱ्या टोकाला, कामठी रोडकडे, एका सरकारी हायस्कूलमध्ये १९८४ ला प्रयोगशाळा परिचर म्हणून लागलो आणि २०१६ ला निवृत्त झालो. बत्तीस वर्षं किल्ली माझ्या करगोट्याला होती. म्हणून कुलपाचं वाचलं आणि लिहायला बसलो. टायपिंग मुलगी करून देऊन राहिली आहे.

प्रयोगशाळेच्या दोन वह्या असतात. एक जडवस्तूंची. तिच्यात तराजू, सूक्ष्मदर्शक, टेबल, सांगाडा, भिंग, सगळं नंबरानिशी. सायेब तपासायला आले की हीच वही मागतात, वस्तू मोजतात, सही करतात, चहा घेतात. दुसरी वही खपवस्तूंची. तिच्यात आम्ल, लिटमस कागद, स्पिरिट, जस्ताचे तुकडे, फिल्टर पेपर, आणि फुटतूट. ती वही कोणी मागत नाही.

ताई, तुम्ही दुसरी वही शोधा. प्रयोगशाळा होती का, हे जडवस्तूच्या वहीत कळत नाही. खपाच्या वहीत कळते. ज्या वर्षी एकही परीक्षानळी फुटली नाही, त्या वर्षी प्रयोग झाले नाहीत. चाळीस पोरांच्या हातात काच दिली आणि ती फुटली नाही असं होतच नाही. आमच्याकडे एक विज्ञानाचे सर होते, ते म्हणायचे, फुटू दे, पोरगं हात कापून घेणार नाही एवढं बघ. त्यांच्या सात वर्षांत माझ्या फुटतुटीच्या पानाला जागा पुरत नव्हती. ते बदलून गेले आणि पुढची दोन वर्षं ते पान कोरं. खोली तीच, टेबलं तीच, तराजू तोच, किल्लीही माझ्याच जवळ.

काम कसं असायचं ते सांगतो म्हणजे तुम्हाला काय शोधायचं ते कळेल. आमच्या प्रयोगशाळेत नळ नव्हता. अंगणातल्या विहिरीवरून मी दोन बादल्या आणायचो. एक स्वच्छ, एक धुवायची. आठ ट्रे लावायचे, प्रत्येकात पाच नळ्या, एक पकड, एक स्पिरिटचा दिवा, काडेपेटी मोजून. आम्ल मीच पातळ करायचो, पाण्यात आम्ल, थेंब थेंब. उलटं कधी नाही. पोरांना हे पुस्तकात पाठ असते, पण बाटली हातात घेतल्यावर सगळी विसरतात, म्हणून ते मी कोणाला करू दिलं नाही. किप्सचं उपकरण म्हणून एक मोठं काचेचं भांडं असते, एकावर एक तीन गोळे. मधल्या गोळ्यात आयर्न सल्फाइडचे खडे घालायचे, वरून आम्ल सोडायचं, तोटी उघडली की गॅस येतो, बंद केली की आपोआप थांबतो. सडक्या अंड्याचा वास पार ऑफिसापर्यंत जायचा आणि मोठ्या बाई ओरडायच्या. पण त्या दिवशी वर्गात एकही पोरगं गैरहजर नसायचं. वासानंच शाळा भरायची म्हणा.

एप्रिलमध्ये आपल्याकडं काय होते तुम्हाला माहीत आहे. सकाळपाळी झाली तरी दहा वाजता टिनाच्या शेडमध्ये हात लावता येत नाही. स्पिरिट बुचातून उडून जायचं. मी बाटल्यांच्या बुचांना मेण लावायचो, तर मेणच वितळून खाली यायचं. मग बाटल्या ओल्या वाळूच्या पेटीत ठेवायला लागलो. पेटी आंब्याची होती, वाळू शाळेच्या बांधकामातून उरलेली. ही पेटी कोणत्याच वहीत नाही.

एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. आठवीतली एक पोरगी होती, बाप मिलमध्ये कामाला होता, मिल बंद-चालू व्हायची त्या काळातली. लिटमसचा प्रयोग झाला, मी टेबल पुसत होतो, ती थांबली आणि म्हणाली, काकाजी, उरलेला कागद घरी नेऊ का? मी एक निळी पट्टी दिली, एक लाल. नियमात बसत नव्हतं, मी खपात दोन जास्त लिहिल्या. दुसऱ्या दिवशी ती वहीचं पान घेऊन आली. पट्ट्यांचे कात्रीनं नखाएवढे तुकडे केले होते आणि पानावर भाताच्या शितानं चिकटवले होते. प्रत्येकाखाली नाव: चिंच, दही, निंबूचं लोणचं, चुना, चुलीतली राख, कपड्याचा सोडा, विहिरीचं पाणी. चिंच, दही, लोणच्याचे लाल झालेले, चुना, राख, सोड्याचे निळे. विहिरीच्या पाण्याखाली लिहिलं होतं, “बदलला नाही, दोनदा पाहिलं.” ते पान मी सरांना दाखवलं. सरांनी ते फळ्याच्या बाजूला टाचलं आणि बत्तीस वर्षांत त्या खोलीतली मला सगळ्यात जास्त आवडलेली वस्तू ती आहे.

दहावीला आता विज्ञानाचे दोन पेपर चाळीस-चाळीसचे आणि प्रात्यक्षिकाचे वीस मार्क असतात. ते वीस मार्क वहीवर सही होऊन मिळून जातात हे मलाही माहीत आहे. पण ज्या पोरीनं दोनदा पाहिलं तिचं काय? तुमच्या मुलीला बंद खोलीचे वीस मार्क मिळू नयेत, एवढंच माझं म्हणणं.

कुलूप उघडायला मी येतो. शनिवारी सांगा. खोली बरीच वर्षं बंद असेल तर बाटल्या एकट्यानं हाताळू नका, जुन्या आम्लाच्या बाटलीचं बुच अडकलेलं असते आणि झटक्यात निघते.

माजी विद्यार्थी, सध्या पुणे
मंगळवार, सकाळी ९.०५

मी बहुधा याच शाळेचा आहे, १९९१ ची बॅच. (मैदानाच्या कडेला जोडचिंचा आहेत का अजून?) हिंगणा एमआयडीसीमुळे तेव्हा पट खूप होता. वडील कारखान्यात, आम्ही सगळे भाड्याच्या खोल्यांतून शाळेत. दोन पाळ्यांत वर्ग भरायचे आणि कवेलूच्या, म्हणजे कौलारू, दोन खोल्यांत टाटपट्टीवर दाटीवाटीनं बसायचो. वानरं कवेलू फोडायची, पावसात वहीवर थेंब. मग जूनमध्ये गावातले लोक येऊन कवेलू फेरून द्यायचे, कोणी पैसे मागत नव्हतं.

ताई, हे सगळं जरूर लिहा. एक विनंती मात्र आहे. भिंत दारातच आहे, नवीन पालक पहिलं तेच वाचतील. बंद प्रयोगशाळा, फाटकी पानं, हे तिथे कशाला? पट आधीच घसरला आहे असं ऐकतो. ३० सप्टेंबरच्या पटावर शिक्षकांची संख्या ठरते, एक शिक्षक कमी झाला की आणखी पोरं जातात. चांगलं तेवढं लिहा. शाळेच्या भल्यासाठीच म्हणतो आहे.

हिंगणारोडवाली
रविवार, रात्री ९.३०

सगळ्यांचे खूप आभार. आठवडाभर उत्तर देता आलं नाही, कारण सांगण्यासारखं काही हाती येईपर्यंत थांबली होती.

जोडचिंचा आहेत, दादा. एकीला वीज पडून अर्धं खोड गेलं, पण यंदा दोघी लागल्या आहेत.

शनिवारी काकाजी आले. कामठी रोडहून दोन मेट्रो बदलून, पिशवीत मेणबत्ती, जुनं धोतर आणि रबरी हातमोजे घेऊन. किल्ली शेवटपर्यंत सापडली नाही, मुख्याध्यापकांनी पंचनामा लिहून कुलूप तोडायला लावलं. आत पहिलं दिसलं ते पाठीमागच्या खिडकीतून आलेलं मधमाश्यांचं पोळं, सुकलेलं. टेबलांवर बोटभर धूळ. भिंतीला लागून तीन खोकी, न उघडलेली, विज्ञानाचं साहित्य आलेलं आणि चिकटपट्टीसकट ठेवलेलं. काकाजींनी खोक्यांकडे पाहिलंही नाही. ते सरळ कपाटाकडे गेले आणि खालच्या खणातून एक लाकडी पेटी काढली, पितळी वजनांची. मखमलीचे गोल खड्डे, प्रत्येकात एक वजन, दोन ग्रॅमचं एक नाही. चिमटा होता. त्यांनी पन्नास ग्रॅमचं वजन चिमट्यानं उचललं, माझ्या मुलीच्या हातात चिमटा दिला आणि म्हणाले, “हातानं कधी धरायचं नाही, घामानं वजन वाढते.” ती तासभर नुसती वजनं उचलून ठेवत बसली.

खपाची वही मिळाली. काकाजींनी आधी शेवटचं पान उघडलं, मग मागं मागं आले. माझ्या वर्षाला, १९९७-९८ ला, त्यांनी थांबून बोट ठेवलं. चौदा परीक्षानळ्या, एक चंचुपात्र, एक गाळणी फुटलेली. ते म्हणाले, “तुमच्या वेळी चालू होती.” मला ते चंचुपात्र आठवते. ते माझ्या हातून फुटलं होतं आणि मी दोन दिवस घरी सांगितलं नव्हतं.

आता पुण्याच्या दादांना उत्तर देते. तुमचं म्हणणं मी समितीत वाचून दाखवलं, कारण पटाची काळजी आम्हालाही आहे. पण त्याच दिवशी मी रजिस्टरमधलं ‘शाळा सोडण्याचे कारण’ हा रकाना वर्षावर्षाचा बघत होती, फक्त मुलींचा. घरकाम. लग्न. सततची गैरहजेरी. पुन्हा सततची गैरहजेरी. आणि ते कुठे दाट होते तर सातवी-आठवीत. आम्ही दहावीत चार मुली होतो. मला नेहमी वाटायचं, बाकीच्यांच्या घरच्यांनी शिकवलं नाही म्हणून गेल्या. परवा पहिल्यांदा मी माझ्या वर्गातल्या एकीला फोन करून विचारलं, तू काहून सोडली शाळा? ती म्हणाली, “तुला आठवत नाही का? आपण सकाळी सातपासून पाणी पीत नव्हतो.”

मला आठवलं. शाळेत मुलींना जायला जागा नव्हती. वॉल कंपाउंडच्या मागं बाभळी होत्या आणि पलीकडे रस्ता. म्हणून आम्ही पाणीच प्यायचो नाही. मार्च-एप्रिलच्या उन्हात प्रार्थनेच्या रांगेत कोणीतरी रोज खाली बसायची, बाई पदरानं वारा घालायच्या, आणि सगळे म्हणायचे ऊन लागलं. ऊन नव्हतं ते. महिन्याचे चार दिवस ही माझी वर्गमैत्रीण घरी राहायची, मग आठ दिवस, मग नाव कटलं. रजिस्टरात तिच्यापुढे ‘सततची गैरहजेरी’ आहे.

मुलींचं स्वच्छतागृह माझ्या दहावीनंतर काही वर्षांनी बांधलं. पाण्याची टाकी त्याच्याही नंतर आली, मधल्या काळात तिथेही कुलूप होतं. टाकी आल्याच्या पुढच्या वर्षांत आठवीच्या मुलींपुढचा तो रकाना विरळ होत जातो. बाकी कारणंही असतील, मी सगळं त्यावर ढकलत नाही. पण मी माझ्या डोळ्यांनी पान उलटून पाहिलं आहे. दादा, नवीन पालक दारात उभा राहून हे वाचेल तर घाबरणार नाही. ज्या आईची मुलगी आठवीत जाणार आहे ती नेमकं हेच विचारते. माझ्याकडे आतापर्यंत आलेल्या सगळ्या आयांनी आधी बाथरूम पाहिलं, मग वर्ग.

तर मजकूर असा केला आहे, अजून कच्चा आहे:

“ही शाळा मालगुजाराच्या वाड्याच्या ओसरीत सुरू झाली. पुढे ती जनपद सभेची होती, १९६२ पासून जिल्हा परिषदेची आहे. जनपद सभेचं कपाट मुख्याध्यापकांच्या खोलीत आहे, डावं अंग बघा. कवेलूच्या दोन खोल्या दर जूनमध्ये गावकरी फेरून देत. कारखान्यात आलेल्या कामगारांच्या मुलांनी शाळा दोन पाळ्यांत भरली. मुलींना पाणी पिता येत नव्हतं अशी वर्षं या शाळेत होती. आता स्वच्छतागृह आहे, टाकी रोज भरते, किल्ली कोणाकडेही नाही कारण कुलूप नाही. प्रयोगशाळा बंद होती, या वर्षी उघडली. या वर्षी फुटलेल्या परीक्षानळ्या: ”

त्यापुढची जागा कोरी ठेवली आहे. तिथे पेंटर फक्त काळा चौकोन करून देणार, आकडा खडूनं लिहायचा. विज्ञानाच्या मॅडम आधी संकोचल्या, म्हणाल्या फुटतूट कोणी भिंतीवर लिहिते का. मग त्यांनी काकाजींसोबत दोन तास बसून खोकी उघडली आणि जाताना विचारलं, स्पिरिट कुठून घेऊ.

जागेचा सातबारा काढला, गट नंबर मिळाला. निस्तार पत्रकासाठी अर्ज बुधवारी टाकते. पटवाऱ्याचा मुलगा, अर्जाचा मसुदा तुम्हाला दाखवू का? दोनदा वाचला तरी कुठेतरी मोघम वाटतो.

निवृत्त परिचर
रविवार, रात्री १०.५०

ताई, मेट्रोत बसलो तेव्हा लक्षात आलं. टेबलाखालच्या बाटल्यांमध्ये तपकिरी काचेची एक आहे, चिठ्ठी गळालेली. तिला हात लावू नका, मी पुढच्या शनिवारी बघतो. आणि दोन ग्रॅमचं वजन माझ्याकडे घरी एक आहे, सुटं. माझ्या शाळेची पेटी मोडीत निघाली तेव्हाचं. तुमच्या खड्ड्यात बसते का ते मोजून सांगा, नाहीतर मखमल थोडी दाबावी लागेल.